बारावीनंतर दवाखान्यात : कोणती वाट?

कुगाव, केत्तूर, कंदर ही करमाळा तालुक्यातली उजनीकाठची गावे. इथल्या बारावी झालेल्या मुलीला दवाखान्यात काम हवे असेल, तर ओळखीची वाट एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रमाची. मुदत २ वर्षे, त्यात ६ महिने इंटर्नशिप. विज्ञान शाखाच हवी असे नाही. कला शाखेचीही बारावी चालते. जीएनएम (सामान्य परिचारिका-प्रसाविका) अभ्यासक्रमाला ३ वर्षे लागतात, आणि तिथे मुलांनाही प्रवेश मिळतो. पुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी हवीच.

‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशी पाटी दिसली, तर फी भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासावी. एवढ्या काळात फार तर रुग्ण-सहायक होता येते. आंघोळ घालणे, कूस बदलून देणे, चादरी बदलणे, व्हीलचेअर ढकलणे ही त्याची कामे. कष्टाची आहेत, गरजेचीही. पण औषध ठरवण्याचा अधिकार त्यात नाही.

शिक्षण नसलेल्यांनाही आरोग्याचे काम शिकवता येते, हा शेजारच्या जामखेडचा अनुभव. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावोगावी ‘आशा’ आरोग्यसेविका नेमण्याची केंद्राची योजना आली ती २००५ मध्ये.