मुरघासाच्या बॅगेला उंदराचं भोक

पहाटे 5. लासुर्ण्यात कालव्याकडून गार वारा येतो. आठ गाई, दूध काढायचं मशीन एकच. साडेसहाला दूध केंद्रावर घालून परत.

सकाळी 7. चारा. आठ गाईंना दिवसाला 120 किलो मुरघास लागतो, म्हणजे टनाची बॅग आठवडाभर पुरते. तोंड उघडलं की रोज अख्खा थर काढायचा. नुसता मधूनच कोरला तर उरलेल्याला हवा लागते आणि तो तापतो.

सकाळी 8. हातात काठी न घेता थप्पीभोवती फिरतो, कारण तपासायचं ते हातानंच. प्रत्येक बॅगेवर तळवा ठेवायचा. आज पाचवीचा खालचा कोपरा कोमट लागला. वाकून पाहिलं तर बोटभर भोक, काठ कुरतडलेले. उंदीर. हवा शिरली की आंबवणारे जिवाणू मागे पडतात आणि बुरशीचं फावतं. प्लॅस्टिक वीतभर कापलं. आत पांढरी-राखाडी जाळी, ढेकळं बांधलेली, कुबट वास. त्याच्या मागं मात्र पिवळसर हिरवा, आंबूस-गोड वासाचा मुरघास.

आबा म्हणाले, "बुरशी तेवढी काढ की, बाकीचं चांगलं दिसतंय."

"चांगलं दिसतंय तेही वीतभर काढणार, आबा."

काढलंच, आणि सगळं उकिरड्यावर टाकलं. भाकड गाईलाही घातलं नाही. बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि बिघडलेल्या मुरघासातल्या जिवाणूंनी गाभण गाय गाभडू शकते. पाटीभर चाऱ्यासाठी हा धोका मला नको. मग कोपरा दाबून आतली हवा काढली, प्लॅस्टिक कोरडं पुसलं आणि रुंद चिकटपट्टी दुहेरी लावली. ओल्यावर पट्टी धरत नाही.

11 वाजता मका. 80 दिवसांचा, दाणा दुधातून पिठात येतोय. कुट्टी मुठीत आवळली. हात ओलसर झाला, पण पाणी ठिबकलं नाही, आणि मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू सुटला. असं झालं की भरायचं. थर टाकायचा, तुडवायचा, पुन्हा थर.

दुपारी 3. परवा भरलेली बॅग फुगलीय. धाकटा सुई घेऊन निघाला होता, त्याला थांबवलं. आंबताना वायू होतोच, बिअरच्या पिंपात होतो तसा. मुरघासात कधी तो पिवळसर-तांबूस आणि विषारीही असतो, तोंड जवळ न्यायचं नाही. फिनलंडच्या विर्तानेन यांना 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. आपल्या थप्पीमागं एवढी विद्या आहे, हे धाकट्याला मुद्दाम सांगितलं.

5 वाजता संध्याकाळचं दूध.

रात्री 8. थप्पीच्या कडेचं गवत काढून पिंजरे लावले. नव्या बॅगांवर आजची तारीख आणि 45 दिवसांनंतरची, दोन्ही लिहिल्या. पट्टी लावलेल्या पाचवीचे दिवस कधीच भरलेत. चालू बॅग संपली की आधी तीच उघडायची.