बॉनेटखालचं गणित

बहुतेक गाड्यांच्या हेडलाइटमध्ये वर्षानुवर्षं एच-फोर जातीचा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब येत राहिला. घाटात रात्री उजेड पुरत नाही म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन १००/९० चा बल्ब मागायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. दुकानदार पाच मिनिटांत काम उरकतो. होल्डर तोच, वायर तीच, स्विच तोच. रस्ता लख्ख दिसू लागतो आणि मालक खूश होतो.

आता हिशेब करू. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर विद्युतधारा ओढतो, १०० वॉटचा ८.३ अँपिअर. दोन बल्ब मिळून १० च्या जागी जवळजवळ १७ अँपिअर झाले, म्हणजे धारा १.६७ पट वाढली. पण वायरीत तयार होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४० च्या सुमारास हा नियम मांडला. १.६७ चा वर्ग पावणेतीनच्या घरात जातो. उजेडासाठी दोन-तीनशे रुपये खर्च करून आपण डॅशबोर्डमागच्या वायरीत, स्विचमध्ये आणि कनेक्टरमध्ये पावणेतीन पट उष्णता भरून घेतलेली असते.

मॉडिफाय केलेल्या गाड्या का पेटतात, याचं बरंचसं उत्तर एवढ्या हिशेबात आहे. गाडी आखणारा अभियंता प्रत्येक वायर किती जाड हवी, कोणती नळी किती दाब सोसेल, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून कोणती वस्तू किती लांब ठेवायची, याचा ताळेबंद मांडून ठेवतो. आपण त्यात नवं काही बसवतो तेव्हा तो ताळेबंद मोडतो. मोडायला हरकत नाही, नवा मांडला तर. दुकानात तो मांडला जात नाही, कारण त्याचे पैसे कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही.

नव्या हिशेबातली सगळ्यात दुर्लक्षित रक्कम म्हणजे जोड. फॉगलॅम्प, रिमोट लॉक, रिव्हर्स कॅमेरा, अंडरबॉडी लाइट, काहीही बसवायचं तर वायरिंगवाला मूळ वायरीचं आवरण ब्लेडनं सोलतो, नवी तार तिला पिळतो आणि वर काळी टेप मारतो. पहिल्या दिवशी हे झकास चालतं. पुढे इंजिनाच्या थरथरीनं पीळ सैल होतो, पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं आणि जोडाचा विद्युतरोध वाढत जातो. समजा तो पाव ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर धारा वाहतेय. दहाचा वर्ग शंभर, त्याच्या पाव म्हणजे २५ वॉट. साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचाच असतो आणि तो कथील वितळवतो. वायरीवरच्या पीव्हीसी आवरणाची सहनशक्ती मात्र प्रकारानुसार ७० ते १०५ अंश सेल्सिअसच. टेपचा डिंक तर त्याआधीच पाघळतो.

इथे फ्यूज काय करतो? काहीच नाही. हा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. फ्यूज उडतो तो धारा वाढल्यावर. सैल जोडात रोध वाढतो, त्यामुळे धारा उलट किंचित घटते. फ्यूजच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं आणि जोड तापत राहतो. म्हणून जोड नीट क्रिंप केलेला किंवा सोल्डर करून आधार दिलेला, वर हीटश्रिंक नळी चढवलेला असावा. नुसत्या टेपेवर भागवू नये. आग रोखायला एवढं एक काम केलं तरी निम्मी बाजी मारली, असं माझं मत आहे.

जिथे फ्यूजचा खरंच उपयोग होतो, तिथे आपण त्याचाही काटा काढतो. नवं सामान जोडल्यावर १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडू लागतो. मग त्या जागी ३० चा हिरवा बसतो, आणि तोही हाताशी नसेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. लाल फ्यूजच्या भरवशावर असलेल्या वायरीतून आता तिप्पट धारा वाहू शकते, म्हणजे नऊपट उष्णता. फ्यूज असतो तो वायरीला वाचवायला, स्टिरिओला नाही. वायर बारीक तर फ्यूजही लहानच हवा. आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, दीडेक फुटाच्या आत. बॅटरी ते फ्यूज हा वायरीचा तुकडा पूर्णपणे बेवारस असतो. तो कुठे बॉडीच्या पत्र्याला टेकला तर बॅटरी क्षणात काहीशे अँपिअर ओतते.

तो पत्र्याला टेकतो कसा? मोठ्या म्युझिक सिस्टिमचं उदाहरण घ्या. खराखुरा १००० वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ८० अँपिअरहून जास्त धारा ओढतो. त्यासाठी बोटाएवढी जाड वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत न्यावी लागते. वाटेत इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा लागतो. त्यात भोक पाडून वायर तशीच ओवली, भोकाच्या काठाला रबरी ग्रोमेट लावला नाही, तर पत्र्याची धार प्रत्येक खड्ड्यागणिक आवरण कापत जाते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तांबं उघडं पडलं की शॉर्टसर्किट. आणि ही वायर थेट बॅटरीवरून आलेली, त्यामुळे किल्ली काढली तरी ती जिवंतच. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या गाडी पेटते, त्यामागे अशी एखादी वायर असू शकते.

२०१० च्या मार्चमध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली नवीकोरी नॅनो रस्त्यातच पेटली आणि देशभर बातमी झाली. तशा आणखीही घटना घडल्या होत्या. टाटा मोटर्सनं चौकशीनंतर सांगितलं की रचनेत दोष नाही, बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा सायलेन्सरच्या भागात राहून गेलेली परकी वस्तू अशी त्या त्या गाडीपुरती कारणं आढळली. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनं आधी विकलेल्या गाड्यांच्या विद्युत आणि एक्झॉस्ट यंत्रणेला जास्तीचं संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. कोणाची बाजू किती खरी या वादात न पडताही दिसतं की वीज आणि एक्झॉस्टची उष्णता, लक्ष गेलं ते याच दोन गोष्टींकडे.

उष्णतेकडे वळू. जोर लावून चालवलेल्या पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सहाशे अंशांच्या पुढे सहज जातो. टर्बो बसवला तर त्याचं टर्बाइनकडचं घर लालबुंद होतं. पेट्रोलला ठिणगीशिवाय पेटायला साधारण २५० ते २८० अंश लागतात. डिझेल त्याहून कमी तापमानाला, २१० अंशांच्या आसपास, आपोआप पेटतं. डिझेल सुरक्षित ही समजूत ठिणगीपुरती बरोबर आहे, तापलेल्या लोखंडापुढे ती टिकत नाही. उघड्यावर पडलेल्या थेंबाची वाफ वाऱ्यानं उडून जाते, म्हणून प्रत्यक्षात पृष्ठभाग यापेक्षा बराच जास्त गरम लागतो. पण सहाशे अंश त्यालाही पुरून उरतात.

मॉडिफिकेशनमध्ये इंधन आणि हे लोखंड एकमेकांच्या जवळ येतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या जीपमध्ये किंवा जिप्सीमध्ये एमपीएफआय, म्हणजे इंधन इंजेक्शनचं, इंजिन उतरवलं जातं. कार्ब्युरेटरला इंधन जेमतेम पाव-अर्धा बार दाबानं जायचं, इंजेक्शनला ३ ते ४ बार लागतो. जुनीच रबरी नळी आणि जुनेच क्लॅम्प ठेवले तर आधी जिथे थेंब गळला असता, तिथे आता बारीक तुषार उडतो, आणि तुषार थेंबापेक्षा कितीतरी झटकन पेटतो. त्यात भर पेट्रोलमधल्या इथेनॉलची. जुन्या जातीची काही रबरं त्यानं फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. इंजिन बदललं तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतची नळी इंजेक्शनच्याच दर्जाची हवी, यात तडजोड नाही.

एक्झॉस्टचा बाजारू हेडर बसवताना कंपनीचं हीटशील्ड काढून कोपऱ्यात टाकलं जातं, कारण ते बसत नाही. मग पाइपभोवती फायबरची पट्टी गुंडाळतात. पट्टी चांगली, पण व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल झिरपत असेल तर ती ते शोषते आणि दिव्यातल्या वातीसारखी जळते. आधी गळती थांबवा, मग पट्टी.

सीएनजीची भीती मला थोडी अवास्तव वाटते. मिथेन हवेपेक्षा हलका, गळला तर वर निघून जातो, आणि पेटायला ५०० अंशांहून जास्त तापमान मागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती गाडीखाली रेंगाळते. धोका आहे तो २०० बार दाबाचा आणि स्वस्त किटचा. बंद डिकीत गळलेला वायू साचतो, म्हणून व्हॉल्व्हवरचं आच्छादन आणि गळती बाहेर नेणारी नळी शाबूत हवी. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये इंजिन बॅकफायर झालं की ज्योत मागे एअर फिल्टरपर्यंत येते. सिक्वेन्शियल किटमध्ये हे टळतं. सिलिंडरला मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट करावी लागते. ती झाली नसेल तर गाडी पंपावर नेऊच नये. किटची नोंद आरसी बुकावर हवी हे वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की गाडीत सर्वांत जास्त फेरफार करणारी जमात आगीला सर्वांत जास्त घाबरते. नाशिकच्या रॅलीत गाड्या जवळून पाहिल्या असतील तर काचेच्या खाली पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज असं चिन्ह आठवेल. ते मास्टर स्विचचं. तो एकदा फिरवला की सगळी विद्युत मंडलं तुटतात आणि इंजिनही बंद पडतं. चालकाला तो आतून आणि मदतनिसाला बाहेरून फिरवता येतो. आपण रॅलीवाल्यांचे स्पॉइलर आणि स्टिकर उचलले, स्विच नाही उचलला.

आणि तरीही आग लागलीच तर? ती सांगून येते. जळक्या प्लॅस्टिकचा वास, पेट्रोलचा वास, दिवे अचानक मंद होणं, बॉनेटच्या फटीतून धूर. गाडी कडेला घेतानाच दरवाज्यांचे लॉक उघडा, कारण वायरिंग जळलं की सेंट्रल लॉक आणि काचा दोन्ही दगा देऊ शकतात. वाळक्या गवतावर थांबू नका. किल्ली बंद केली की पेट्रोल पंप थांबतो, म्हणजे आगीचं खाद्य तुटतं. सगळ्यांना उतरवून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला निदान शंभर फूट लांब न्या आणि ११२ किंवा १०१ फिरवा. सामान, कागदपत्रं राहू देत.

बॉनेट सताड उघडण्याची ऊर्मी अनावर होते. ती आवरा. आत हवा कमी आहे म्हणून आग अजून छोटी आहे. बॉनेट उचललं की तिला पोटभर ऑक्सिजन मिळतो आणि ज्वाळा तोंडावर येते. माणसं सुरक्षित असतील आणि आग लहान असेल तरच आतून कळ ओढून बॉनेट पहिल्या खाचेपुरतं सैल करा आणि त्या फटीतून पावडर मारा, ज्वाळेच्या बुडाशी. पत्रा हाताला चटका देत असेल किंवा रंगाला फोड येत असतील तर वेळ गेली, मागे व्हा. एक किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत संपतो, त्यामुळे दोन किलोचा घेणं शहाणपणाचं. तो डिकीत नको, चालकाच्या हाताशी पक्क्या ब्रॅकेटमध्ये हवा. पावडर ज्वाळा मारते, लोखंड थंड करत नाही. विझलेली आग तापलेल्या मॅनिफोल्डवर पुन्हा भडकू शकते, म्हणून लगेच जवळ जाऊ नका. पाण्याची बादली ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. सीएनजी गाडीपासून आणखी दूर राहा. सिलिंडर तापला की त्याचं सुरक्षा साधन फुटून वायू बाहेर सोडतं, आणि त्या वायूची जळती धार कित्येक फूट लांब जाऊ शकते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल आगीच्या दाव्यात अडचणीचा ठरतो.

ज्यांच्या गाडीत आधीच बाहेरचं काही बसवलेलं आहे, त्यांनी येत्या रविवारी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावं. बॅटरीच्या धन टोकावरून निघणारी प्रत्येक जादा वायर बोटानं माग काढत पाहावी. दीड फुटात फ्यूज दिसला नाही, वायर पत्र्यातून ग्रोमेटशिवाय जात असली किंवा कुठे चिकट, पाघळलेली टेप लागली, तर ती वायर बॅटरीवरून सोडवा आणि चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले, फ्यूज आणि क्रिंप केलेल्या जोडांसह नव्यानं टाकून घ्या. तोवर म्युझिक सिस्टिम बंद राहिली तरी चालेल.