चारमिनारच्या दारातील अक्षर

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी सोयगाव वसले आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. थोडे पुढे गेले, की शेंदुर्णी, पाचोरा ही खानदेशातील गावे लागत. तेथे अंमल इंग्रजांचा. राज्ये दोन, म्हणून नाणीही दोन. निजामाच्या रुपयाला ‘हाली’ म्हणत व इंग्रजांच्या रुपयाला ‘कलदार’. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये, असा त्यांचा सर्वसाधारण भाव असे. पलीकडच्या बाजारात कापूस विकावयास निघालेल्या शेतकऱ्यास हा हिशेब तोंडपाठ असणेच सोयीचे होते.

हाली नाण्यांचे चलन १९५९ मध्ये कायमचे थांबले. पुष्कळ रुपये सोनाराच्या मुशीत वितळून गेले. तरीही एखाद्या जुन्या घरात, देव्हाऱ्यातील डबीत, काळवंडलेला असा रुपया आजही निघतो. त्याच्या एका बाजूस चारमिनारची आकृती असते आणि तिच्या मधल्या दारात एक अक्षर कोरलेले असते. तेच मोठे महत्त्वाचे. ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे निजाम महबूब अली खान यांचे. ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचे. त्यातही उस्मान अलींच्या अगदी आरंभीच्या नाण्यांवर हे ‘ऐन’ अपुरे आहे व पुढच्या नाण्यांवर पूर्ण. नाण्याचा काळ ठरवावयाचा तो अशा खुणांवरून.

परंतु हाताळून हाताळून झिजलेल्या रुपयावर ते इवलेसे अक्षर सहज दिसत नाही. जाणत्या माणसास दाखवावे तर तो दूरच्या शहरात, आणि एकुलते एक नाणे टपालाने पाठवावे तर ते गहाळ होण्याची भीती. अशा वेळी नाणे घरीच ठेवून त्याची प्रतिमा पाठविणे शहाणपणाचे ठरते. पूर्वी नाण्यावर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल हळूहळू घाशीत व ठसा उमटवीत. काही संग्राहक प्लास्टरचे साचे घेत. आता कागदपत्रांच्या नकला काढण्याचा सपाट काचेचा स्कॅनर हेच काम करू शकतो.

या यंत्राच्या काचेखाली एक लांबट दिवा व त्याच्यासवे आरसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातात. वस्तूवरून परतलेला प्रकाश आरशांतून भिंगाकडे व भिंगातून प्रकाश टिपणाऱ्या बारीक कणांच्या ओळीकडे पोहोचतो. चित्र असे ओळीओळीने तयार होते. काही पातळ यंत्रांत आरसे नसून प्रकाश टिपणारी पट्टी काचेला लागूनच असते. कागदासाठी ती उत्तम. नाण्यासाठी मात्र नव्हे. नाणे आपल्या उंच कडेवर टेकते, आतला भाग काचेपासून किंचित दूर राहतो, आणि ही पट्टी काचेला चिकटलेलेच तेवढे स्पष्ट पाहते.

बहुतेक यंत्रांत दिवा एका बाजूने तिरपा प्रकाश टाकतो. नाण्यावरील अक्षर म्हणजे धातूचा लहानसा उंचवटाच. जी रेघ दिव्याला समांतर असते तिची एक बाजू उजळते व दुसरीवर सावली पडते. जी रेघ दिव्याला आडवी असते तिची सावली जवळजवळ पडतच नाही, म्हणून ती हरवते. यास्तव एका चित्रावर विसंबू नये. नाणे पाव फेरा फिरवून पुन्हा चित्र घ्यावे, मग आणखी पाव फेरा. पहिल्या चित्रात नुसता डाग वाटलेली खूण तिसऱ्या चित्रात अक्षर होऊन उभी राहते! झळझळीत नव्या नाण्याची गंमत तर उलटीच. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशाप्रमाणे प्रकाश भलतीकडे फेकतो व चित्रात काळा दिसतो. जुन्या, मंद चकाकीच्या नाण्यांशीच हे यंत्र अधिक प्रामाणिक असते.

आणखी एक फसवणूक डोळ्यांची आहे. सूर्यप्रकाश वरून येतो, ही डोळ्यांना सवय. चित्रात प्रकाश खालून आलेला असेल तर उंच अक्षरे खोल कोरल्यासारखी भासतात. चित्र उलटे धरताच ती पुन्हा वर येतात.

झिजलेल्या खुणांचे मोल नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे दिसून आले. तेथे १९०६ मध्ये नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. त्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अर्धामुर्धा शिल्लक होता. सातवाहनांच्या विजयाचा तो पुरावा होय. कोणी ती नाणी घासूनपुसून लख्ख केली असती तर तो केवढा बिघडला असता! नाणे चिंचेने वा राखेने उजळविण्याचा मोह घरोघरी होतो. त्यात मळाबरोबर अक्षरेही जातात.

स्कॅनरवर नाणे कडांनी धरून ठेवावे; सरकवू नये, कारण काचेला ओरखडे पडतात. झाकण दाबण्याऐवजी उघडे ठेवून वर काळे कापड घालावे, म्हणजे नाण्याची कड उठून दिसते. इंचाला सहाशे ठिपके या मापाने घेतलेल्या चित्रात तीस मिलिमीटर रुंदीच्या नाण्यावर आडवे सुमारे सातशे ठिपके येतात. बाराशेने घेतल्यास चौदाशे. दारातील अक्षरासाठी बाराशेच बरे. शेजारी मोजपट्टी असावी. मात्र वजन कोणतेही चित्र सांगत नाही; ते काट्यावर करून लिहून ठेवावे लागते. नाणे कोठे मिळाले हेही लिहावे. ते जमिनीत पुरलेल्या ठेव्यातील असेल व ठेव्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर द्यावी लागते.

देव्हाऱ्यातला रुपया मग पुन्हा आपल्या डबीत जातो. त्याची चार चित्रे मात्र दूरच्या अभ्यासकापुढे पोहोचतात, आणि चारमिनारच्या दारात ‘मीम’ आहे की ‘ऐन’, हे तो तेथे बसून पाहू शकतो.