पॅड आतून भाजतं
(गाडीची झळाळी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात कंपाउंड कोणतं घ्यावं ते पाहिलं. आज ते ज्याने फिरवायचं, त्या फोमच्या पॅडविषयी.

पॅड गेलं की आपण 'घासून गेलं' म्हणतो. पण टाकून दिलेलं पॅड उलटून पाहा. फोमचा पृष्ठभाग बऱ्याचदा शाबूत असतो. मधोमध मात्र वेल्क्रोचा थर सुटलेला, फोम खचलेला दिसतो. पॉलिश करताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. फोम असतो पॉलियुरेथेनचा. याच पदार्थाचा कडक प्रकार फ्रिजच्या भिंतींत भरतात, कारण तो उष्णतेला सहज वाट देत नाही. कडेची उष्णता हवेत निघून जाते, मधली अडकते, कारण वर मशीनची प्लेट घट्ट बसलेली असते. मग वेल्क्रो चिकटवणारा डिंक मऊ होतो आणि पॅड वाकडं होतं. काही पॅडना मध्ये भोक ठेवतात ते बरंचसं यासाठीच.

आदिलाबादेत तर काम सुरू होण्याआधीच पत्रा तापलेला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट ६० च्या पुढे. अशा पत्र्यावर कंपाउंड लावता लावताच सुकतं, आणि कोरडं पॅड जास्त घासतं, जास्त तापतं. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत, पत्रा हाताला गार लागल्यावरच करावं. पैनगंगेच्या अलीकडची असो की पलीकडची, काळ्या रानातली धूळ आधी नीट धुऊन काढावी. कण पॅडमध्ये रुतले की फोम ओरबाडतो आणि रंगही.

दुसरा शत्रू आपलाच हात. ड्युअल ॲक्शन मशीन पॅडला थरथरवतं आणि सोबत हळूहळू फिरवतंही. जोर जास्त दिला की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि उष्णता एकाच जागी साठते. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल, तर हात हलका करा. यासारखा स्वस्त उपाय मला दुसरा ठाऊक नाही.

एका पॅडवर अख्खी गाडी उरकणं ही काटकसर नव्हे. तीन-चार पॅड आलटून-पालटून वापरा, प्रत्येक भागानंतर ब्रशने साचलेलं कंपाउंड झाडा. पॅड तापलेलं असताना एका कडेने ओढून काढू नका. डिंक तेव्हाच सर्वांत कच्चा असतो. निवू द्या, मग चहूबाजूंनी बोटं घालून सोडवा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. वाळवताना फोम खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी डिंकाकडे न जाता खाली उतरतं. ऊन दाखवू नका. डिसेंबरच्या गारठ्यात वाळायला वेळ लागला तरी ओलं पॅड पिशवीत कोंबू नका. मशीन पॅडवर टेकवून ठेवायची सवयही सोडा. त्याच्या वजनाने फोम एका बाजूला बसतो.

एकदा वाकडं झालेलं पॅड सरळ होत नाही. ते मशीनला लावू नका, टायर पुसायला ठेवा. पुढच्या आठवड्यात लोकरीचं पॅड.