फक्त पाच मिनिटं!

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेल्या सेमिस्टरला एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री साडेदहाला मी ठरवलं, पाच मिनिटं रील्स बघू आणि मग लाप्लास ट्रान्सफॉर्म. पुन्हा घड्याळ बघितलं तेव्हा पावणेतीन झाले होते. एम-थ्री राहिला. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. बाबांनी काही न विचारता बॅकलॉगची फी पाठवली.

गंमत म्हणजे त्या चार तासांत मला मजाही येत नव्हती. मग मी थांबलो का नाही? हे काही डोक्यातून जाईना, म्हणून थोडं वाचलं.

आपण समजतो, डोपामिन म्हणजे मजेचं रसायन. तसं नाहीये. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. अचानक रस मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळायच्या. रसाच्या आधी एक इशारा मिळतो हे माकडाला कळल्यावर त्या इशाऱ्यालाच उसळू लागल्या, रस आल्यावर काहीच नाही. आणि इशारा होऊन रस आलाच नाही तर एकदम गप्प. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि मॉण्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला. या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. म्हणजे आपल्या कंट्रोल सिस्टीम्समधला एरर सिग्नल!

रील्समध्ये हा एरर कधी शून्यावर येतच नाही. पाच टुकार, सहावी भारी, मग पुन्हा नऊ टुकार. स्किनरची कबुतरं आठवा. दाणा असा अनियमित मिळत गेला, की तो बंद झाल्यावरही ती कितीतरी वेळ टोचत राहायची. मीही टोचतच होतो, फक्त अंगठ्याने.

आता निर्णयाचं. 'पुरे' म्हणण्याचं बरंचसं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं, आणि तो पक्का व्हायला पंचविशी उजाडते. आयोवात १९९४ मध्ये पत्त्यांच्या चार गठ्ठ्यांचा एक प्रयोग झाला. दोन गठ्ठ्यांत मोठी कमाई, पण मधूनच त्याहून मोठा फटका. या भागाला इजा झालेले रुग्ण फटका बसूनही तेच गठ्ठे उचलत राहिले. पुढे काही अभ्यासांत नेटच्या आहारी गेलेले विद्यार्थीही तिकडेच जास्त वळताना दिसले. पण नेटमुळे ते असे झाले, की मुळात असे म्हणून नेटमध्ये अडकले, हे त्यातून कळत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, सरसकट इंटरनेटचं व्यसन नाही. त्यामुळे मी स्वतःला पेशंट म्हणवून सुटका करून घेणार नाही.

असो. सध्या बॅकलॉगचा अभ्यास चालू आहे. रात्री दहाला माझा फोन रूमपार्टनरच्या कपाटात कुलूपबंद होतो. पहिल्या रात्री मी तीनदा किल्ली मागितली. चौथ्यांदा तो किल्ली घेऊन गच्चीवर झोपायला गेला.

बाबांना खरं कारण अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी न्यायचा की नाही, बघू.