बग्गीच्या बुशातला गोंधळ

एक रबरबँड झटकन ताणून ओठांना लावा. कोमट लागतं. तसंच ताणलेलं धरून थोडा वेळ थांबा, मग सैल सोडून पुन्हा लावा. आता गार! जॉन गॉफ या इंग्रज अभ्यासकाने 1805 साली हे छापून प्रसिद्ध केलं, आणि तो अंध होता.

लोखंडी स्प्रिंग ओढली की तिच्यातल्या अणूंमधली अंतरं बदलतात आणि ते परत जागेवर यायला बघतात. रबराचं तंत्रच वेगळं. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुरफटलेल्या, उष्णतेने सतत वळवळणाऱ्या. ताणलं की नाइलाजाने रांगेत येतात, सोडलं की विस्कटतात. विस्कटायची ही ओढ हीच रबराची ताकद. म्हणून तर वजन टांगलेलं रबर तापवलं की लांबत नाही, आखडतं! 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवलं आणि या साखळ्यांना अधूनमधून गाठी बसल्या. त्याआधीचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं, थंडीत कडक.

आता हा गोंधळ बग्गीच्या चाकामागे बसवू या. ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेत 2007 पासून इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बांधलेल्या एकसीटर बग्ग्या उतरवतात. त्यातली मोठी शर्यत सलग चार तासांची असते. चाक वरखाली होताना त्याला धरणारा आर्म चेसिसपाशी जिथे हलतो, तिथे बुश असतो: आत लोखंडी नळी, बाहेर दुसरी, मध्ये दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. इथे काहीच घसरत नाही. आतली नळी बोल्टने आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली; मधलं रबर तेवढं स्वतःतच पीळ खातं. ग्रीस नको, आणि भातखाचरातल्या चिखलाला शिरायला फटच नाही. मात्र बोल्ट शेवटचा आवळताना गाडी स्वतःच्या वजनावर उभी हवी. चाकं लोंबत असताना आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवाकोरा बुश लवकर फाटतो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, बुश जास्त कडक. स्टिअरिंगला गाडी चटकन ऐकते, म्हणून मुलांना तो भुरळ घालतो. पण तो बहुधा नळीवर घसरत फिरतो: ग्रीस हवं, नाहीतर करकर ठरलेली. शिवाय पॉलिएस्टर जातीचं पीयू उष्ण, दमट हवेत पाण्यानेच हळूहळू तुटतं. पालघरच्या पावसाळ्यात घ्यायचंच तर पॉलिइथर जातीचं घ्यावं. माझं मत मात्र चांगल्या नैसर्गिक रबराच्या बाजूचं. ते खूप ताणलं की साखळ्या काही जागी स्फटिकासारख्या शिस्तीत बसतात आणि चीर पुढे सरकायला अडते. जिथे फाटायचं, तिथेच ते घट्ट होतं!

तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात आधी गंजतं ते बुशचं लोखंड. गंज कडेने आत सरकला की रबर नळीपासून सुटतं. तेव्हा विकत घेताना नळीवरचं कोटिंगही बघा. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला आडव्या भेगा पाडतो. आणि तेल? साखळ्यांमध्ये शिरून ते रबर फुगवतं, मऊ करतं. पावसाळ्याआधी गाडीखाली ऑइल मारायची पद्धत लोखंडाला मानवते, पण बुश झाकूनच फवारा मारायला सांगा. बुश धुवायला साबणपाणी पुरतं.