संमेलनाच्या मांडवामागचा पैसा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं सूप वाजलं की पुढे आठवडाभर चर्चा रंगते ती अध्यक्षीय भाषणाची, वादांची आणि जेवणावळींची. हा सोहळा ज्या पैशावर उभा राहतो, त्याबद्दल मात्र वाचक क्वचितच विचारतो. त्याने विचारायला हवं, कारण त्यातला बराच पैसा त्याचाच असतो.

संमेलन महामंडळाचं, पण मांडव यजमानांचा, अशी ही व्यवस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेलं साहित्य महामंडळ स्थळ आणि अध्यक्ष ठरवतं. खर्चाची जुळवाजुळव करायची ती यजमान संस्थेने. वर्ध्याला २०२३ मध्ये ही जबाबदारी विदर्भ साहित्य संघाने घेतली, अमळनेरला २०२४ मध्ये मराठी वाङ्मय मंडळाने, आणि दिल्लीत २०२५ मध्ये पुण्याच्या ‘सरहद’ने. यांपैकी कुणाचाही पैसा उभारणं हा मूळ धंदा नव्हे. वर्षभर व्याख्यानं, ग्रंथालय आणि पुरस्कार सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना अचानक निवास, भोजन, ध्वनिव्यवस्था, वाहनतळ यांची अंदाजपत्रकं मांडावी लागतात.

मोठा आधार राज्य सरकारच्या अनुदानाचा. पूर्वी ते ५० लाख रुपये होतं. वर्ध्याच्या संमेलनापासून दोन कोटींवर गेलं. त्याखेरीज प्रतिनिधी शुल्क, ग्रंथदालनातल्या गाळ्यांचं भाडं, स्मरणिकेतल्या जाहिराती आणि देणग्या. यातलं गाळ्यांचं भाडं मला नेहमी खुपतं. छोटा प्रकाशक गाळ्याचे पैसे आधी भरतो, पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोत घालून आणतो, तीन दिवस राहण्या-जेवण्याचा खर्च सोसतो. ग्रंथदालन मुख्य मांडवापासून लांब पडलं तर त्याचं भाडंही वसूल होत नाही. संमेलनात पुस्तकाशी सर्वांत जवळचं नातं ज्याचं, त्याच्याकडूनच आधी वसुली होते. सार्वजनिक पैशातून पहिली सवलत त्याला मिळायला हवी.

तरीही खर्चाची तोंडमिळवणी होत नाही, आणि तिथे स्वागताध्यक्ष येतात. चिपळूणला २०१३ मध्ये सुनील तटकरे, पिंपरी-चिंचवडला २०१६ मध्ये शिक्षणसंस्थाचालक पी. डी. पाटील, नाशिकला २०२१ मध्ये छगन भुजबळ. नाशिकचं संमेलन तर भुजबळांच्याच शिक्षणसंस्थेच्या आवारात भरलं. ज्याच्या शब्दावर देणग्या येतात आणि यंत्रणा हलते, त्याच्याकडे हे पद जातं. यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त व्यासपीठावर कोण किती वेळ बोलणार, हेही मग त्याच वजनाने ठरू लागतं.

पैसा आला की मिंधेपण येतंच, असं मी म्हणणार नाही. कराडला १९७५ साली स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. आणीबाणी चालू होती. अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिथेच आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला. उलट २०१९ मध्ये यवतमाळला, संमेलन उधळण्याच्या धमक्यांनंतर, नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. दोन्हीकडे पैशापेक्षा कणा महत्त्वाचा ठरला. पण कणा ताठ ठेवायला चार पैसे गाठीशी असावे लागतात, हेही खरं.

म्हणूनच महाकोशाची कल्पना मला आजही मोलाची वाटते. १९९९च्या मुंबई संमेलनाच्या वेळी सरकारी अनुदानावरून बाळासाहेब ठाकरे आणि साहित्यिक यांच्यात मोठा वाद झडला. संमेलनाला कुणापुढे हात पसरावे लागू नयेत म्हणून लोकांच्या देणग्यांतून कायमचा निधी उभारायचा विचार त्यातून बळावला. निधी सुरू झाला, पण संमेलन स्वतःच्या पायावर उभं राहावं इतका वाढला नाही. लोकांच्या पैशाचा दुसरा मार्गही १९९९मध्येच दिसला: धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. एक मूठ धान्य आणि एक रुपया मागून संमेलन उभं करायची रीत त्या चळवळीने रुजवली.

सरकारने पैसे द्यावेत, जरूर द्यावेत. तो उपकार नाही, भाषेसाठीचं कर्तव्य आहे. मात्र अनुदान किती, देणगीदार कोण, मांडवावर किती गेले आणि लेखकांच्या मानधनावर किती, याचा लेखापरीक्षित हिशेब संमेलनानंतर तीन महिन्यांत छापून लोकांपुढे ठेवावा. आणि वाचकहो, पुढच्या संमेलनाला जाल तेव्हा प्रतिनिधी शुल्काची पावती जपून ठेवा, आणि तिच्या जोरावर हा हिशेब मागा.